जुन्या पिकअपच्या केबिनमधील दिवे वारंवार का बिघडतात : वायरिंगची तपासणी आणि सुधारणा

केबिनच्या छतावरचा दिवा मंद पेटणे, रस्ता खराब लागला की मिचमिचणे, दार उघडल्यावर कधी पेटणे तर कधी न पेटणे, डॅशबोर्डवरील काट्यांमागचे दिवे एकाएकी जाऊन थोड्या वेळाने आपोआप परत येणे, या जुन्या पिकअपच्या नेहमीच्या तक्रारी आहेत. त्यावर बहुतेक जण बल्ब बदलतात आणि दिवा पेटतोही. बल्ब बदलताना होल्डरमधील पत्री घासली जाते, तिच्यावरचा काळपट थर थोडा निघतो आणि तेवढ्यामुळे काही आठवडे संपर्क सुधारतो. श्रेय मात्र नव्या बल्बला मिळते. थर पुन्हा धरला की तक्रार परत येते. बल्बचा तंतू तुटलेला नसेल, तर बल्ब बदलणे ही दुरुस्ती नव्हे.

अशा गाड्यांत दोष बहुधा वायरच्या लांबीत नसतो, तो जोडांत असतो. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या चांगल्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०२३ ओहम असतो. म्हणजे पाच मीटर वायरमधून एक अँपिअर प्रवाह गेला तरी जेमतेम ०.१ व्होल्ट खर्ची पडतो. याउलट फ्यूजची गंजलेली पकड, अर्थच्या (प्रवाह गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडाच्या) लगखाली (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्याखाली) राहिलेला रंग किंवा दाराच्या स्विचमधील ओल यांपैकी कोणत्याही एका जागी एक-दोन ओहमचा रोध सहज तयार होतो, आणि तेवढ्याने दिवा मंद होतो.

म्हणून जुने बल्ब तसेच ठेवून आधी दोष शोधावा, जोड पूर्ण दुरुस्त करावेत आणि त्यानंतरच एलईडी किंवा जास्तीचे दिवे बसवावेत, हाच क्रम योग्य आहे. उलट क्रमाने काम केल्यास दोष झाकला जातो. छतावरचा १० वॉटचा बल्ब सुमारे ०.८ अँपिअर घेतो, तर त्याच्या जागी बसणारा एक वॉटचा एलईडी ०.०८ अँपिअर घेतो. वाटेत दोन ओहमचा खराब जोड असेल तर जुन्या बल्बला दीड व्होल्ट कमी मिळतो आणि तो मंद दिसतो, पण एलईडीचे जेमतेम ०.१६ व्होल्ट जातात आणि तो लख्ख पेटतो. मालकाला वाटते की तक्रार मिटली. प्रत्यक्षात त्याच फ्यूजवर जर सिगारेट लायटरचा सॉकेट असेल आणि त्यात दहा अँपिअर घेणारे उपकरण लावले, तर त्या दोन ओहमच्या जोडात अठ्ठावीस वॉटच्या आसपास उष्णता निर्माण होते आणि फ्यूज बॉक्सचे प्लास्टिक वितळू लागते. या वेळी वाहणारा एकूण प्रवाह चार अँपिअरच्याही आत असल्यामुळे दहा किंवा पंधरा अँपिअरचा फ्यूज उडत नाही. फ्यूज शॉर्टपासून वाचवतो, खराब जोडापासून वाचवत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

गाडीची विद्युत प्रणाली कोणती आहे, हे प्रथम पाहावे. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक गाड्या ६ व्होल्टच्या होत्या आणि त्यांतील काहींमध्ये बॅटरीचे धन टर्मिनल बॉडीला जोडलेले असे. अशा गाडीत आजचा १२ व्होल्टचा दिवा किंवा एलईडी विचार न करता बसवता येत नाही. पुढील सर्व विवेचन १२ व्होल्टच्या आणि ऋण टर्मिनल बॉडीला असलेल्या गाडीसाठी आहे.

वायर कापणे, जोडणे किंवा डॅशबोर्ड उघडणे अशा प्रत्येक कामापूर्वी बॅटरीचे ऋण टर्मिनल आधी काढावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. धन टर्मिनल आधी सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, ऋण टर्मिनल आधी निघालेले असेल तर तो धोकाच राहत नाही. काही जुन्या पिकअपमध्ये इंधनाची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. तेथे इंधनाचा वास येत असेल तर तो बंद केल्याशिवाय वायरिंगला हात लावू नये. १९९०च्या दशकातील आणि नंतरच्या गाड्यांत पिवळ्या आवरणातील वायर किंवा कनेक्टर दिसल्यास त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मीटर कधीही लावू नये.

साधने मोजकीच लागतात. एक डिजिटल मल्टिमीटर, साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प, चिमटे लावलेल्या दोन लांब वायरी, पितळी तारेचा छोटा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि चांगल्या प्रतीची क्रिंपिंगची (वायरवर लग दाबून बसवण्याची) पक्कड. यांतील शेवटच्या वस्तूवर खर्च टाळण्याचा मोह आवरावा, कारण स्वस्त पक्कडीने दाबलेले लग हीच पुढच्या तक्रारीची सुरुवात असते.

भाराखाली मोजणी

या साऱ्या कामातील सर्वांत फसवा प्रकार म्हणजे बल्ब काढून होल्डरवर मीटर लावणे आणि १२ व्होल्ट दिसले की वायरिंग चांगले आहे असे ठरवणे. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सुमारे एक कोटी ओहम असतो. त्यातून नगण्य प्रवाह जातो, त्यामुळे वायरच्या आतील साऱ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी मीटर निमूटपणे १२ व्होल्ट दाखवतो. त्या एका तारेवर बल्बचा भार पडल्यावर काय होते, हे मीटरला कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून बल्ब जागेवर ठेवून, तो पेटलेला असतानाच मोजणी करावी. साधा टेस्ट लॅम्प या बाबतीत महागड्या मीटरपेक्षा प्रामाणिक ठरतो, कारण तो स्वतःच भार असतो.

एक उदाहरण घेऊ. इंजिन बंद आहे, दार उघडे आहे आणि छतावरचा दिवा मंद पेटलेला आहे. बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये १२.४ व्होल्ट मिळाले. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, त्यामुळे हा आकडा ठीक मानावा. आता मीटरची टोके पेटलेल्या बल्बच्या दोन्ही संपर्कांना लावली तर १०.२ व्होल्ट मिळाले. म्हणजे २.२ व्होल्ट वाटेत खर्च झाले. तापतंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो, म्हणून व्होल्टेज सतरा-अठरा टक्क्यांनी उतरले तरी प्रकाश जवळपास निम्मा होतो. डोळ्याला जो फरक एवढा मोठा वाटतो, तो मीटरवर किरकोळ दिसतो आणि म्हणूनच दुर्लक्षिला जातो.

हे २.२ व्होल्ट कोठे गेले, हे शोधण्यासाठी मार्गाचे दोन भाग करावेत. लांब वायर जोडून मीटरचे लाल टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि काळे टोक बल्बच्या पुरवठ्याच्या संपर्कावर ठेवावे. येथे ०.३ व्होल्ट मिळाले, तर पुरवठ्याच्या बाजूला फार मोठा दोष नाही. मग काळे टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि लाल टोक बल्बच्या अर्थकडील संपर्कावर ठेवल्यास १.९ व्होल्ट मिळतील, आणि दोष परतीच्या मार्गावर असल्याचे निश्चित होईल. त्यानंतर काळे टोक तेथेच ठेवून लाल टोक एकेक जोड ओलांडत बॅटरीच्या दिशेने सरकवत जावे. अर्थच्या लगवर अजून १.९ व्होल्ट आहेत आणि त्याच्या शेजारी दोन बोटांवर खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर ०.१ व्होल्ट आहे, असे दिसले की दोष त्या लग आणि पत्रा यांच्यामध्ये आहे. आकडा ज्या दोन जागांच्या दरम्यान कोसळतो, तेथेच बिघाड असतो. चांगल्या अर्थच्या जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा आणि चांगल्या स्विचवर ०.२ व्होल्टपेक्षा अधिक उतार (व्होल्टेजची घट) नसावा. पूर्ण मार्गात मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत उतार राहिला, तर वायरिंगविषयी तक्रार करण्यास जागा नाही.

मोजणीपूर्वी दाराचा स्विच कोणत्या बाजूला आहे, हे मात्र समजून घ्यावे. काही गाड्यांत दिव्याला पुरवठा कायम मिळतो आणि दाराच्या चौकटीतील बटण अर्थ जोडते. जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअपमध्ये ही पद्धत आढळते. फोर्डच्या त्या काळातील पिकअपमध्ये दाराच्या बटणापर्यंत पुरवठा येतो आणि बटण तो दिव्याकडे पाठवते. पहिल्या पद्धतीत बटणाकडे जाणारी वायर बॉडीला घासली तर दिवा सतत पेटत राहतो. दुसऱ्या पद्धतीत त्याच घासण्याने फ्यूज उडतो. लक्षण वेगळे दिसते, पण जखम एकाच जागची असते.

अर्थ : पिकअपचा खास दुबळेपणा

मोटारगाडीत बॉडी बहुधा एकसंध असते. पिकअपमध्ये चॅसी, केबिन आणि मागचा हौदा हे तीन वेगळे भाग असतात आणि केबिन रबरी बुशांवर टेकलेली असते. रबर वीज वाहू देत नाही. त्यामुळे केबिनमधील प्रत्येक दिव्याचा, काट्याचा आणि ब्लोअरचा परतीचा प्रवाह एका-दोन पट्ट्यांच्या भरवशावर असतो. इंजिनापासून केबिनच्या पुढच्या भिंतीपर्यंत जाणारी विणलेली तांब्याची पट्टी ही त्यांतील मुख्य. इंजिन उतरवून पुन्हा चढवताना ही पट्टी लावायची राहून जाते किंवा तेलाने आणि उष्णतेने तुटते, आणि गाडी तरीही सुरू होत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

तिच्या अभावी प्रवाह स्वतःची वाट शोधतो. ॲक्सिलरेटरची केबल, चोकची केबल, स्पीडोमीटरची केबल अशा धातूच्या वस्तूंतून तो इंजिनाकडे परततो. स्टार्टर फिरवताना चोकची केबल गरम होणे, हेडलाईट लावताच इंधनाचा काटा हलणे, इंडिकेटरच्या तालावर छतावरचा दिवा मिचमिचणे ही याची ठळक चिन्हे आहेत. एका दिव्याची तक्रार असेल तर त्या दिव्याचा जोड पाहावा, पण एकमेकांशी संबंध नसलेले दिवे एकमेकांना प्रतिसाद देऊ लागले की थेट या पट्टीकडे जावे. तपासणी सोपी आहे. हेडलाईट आणि ब्लोअर चालू करून केबिनच्या उघड्या धातूपासून बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत व्होल्टेज मोजावे, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त मिळाल्यास नवी पट्टी टाकावी.

अर्थचा जोड नव्याने करताना स्क्रू घट्ट करण्यावर समाधान मानू नये. लग काढावा, पत्र्यावरचा रंग लगच्या आकारापेक्षा थोडा मोठा गोल करून चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा, लगच्या दोन्ही बाजू घासाव्यात, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि सर्वांत शेवटी बाहेरून ग्रीसचा किंवा रंगाचा थर द्यावा. पत्र्याच्या पातळ भोकात फिरणारा स्वतः आटे पाडणारा स्क्रू जुन्या गाडीत बहुधा सैल झालेला असतो. त्याच्या जागी आरपार बोल्ट आणि नट बसवलेला चांगला.

दाराचा खांब, छत आणि पाणी

ज्या गाड्यांत दारात दिवा किंवा स्पीकर आहे, त्यांत दाराच्या बिजागरीजवळून जाणारी वायर हजारो वेळा वाकलेली असते. या वायरचे नुकसान बाहेरून दिसत नाही. रबरी नळी मागे सरकवून प्रत्येक वायर दोन बोटांत धरून हलके ताणावी. धड वायर ताठ राहते. आतील तांबे तुटलेली वायर त्या एका जागी रबरासारखी लांबते, कारण तेथे नुसते आवरण उरलेले असते. आवरण चिरून पाहिले तर आत तांब्याची हिरवट पूड आणि टोकाशी काळे पडलेले तंतू दिसतात. अशा वायरला वाकण्याच्या जागीच जोड देऊ नये. नवा तुकडा बिजागरीच्या दोन्ही बाजूंना पुरेल एवढा लांब घ्यावा आणि जोड एक केबिनच्या आत, एक दाराच्या आत, म्हणजे स्थिर जागी ठेवावेत.

केबिनच्या मागच्या बाजूस, छताजवळ, हौद्यावर प्रकाश टाकणारा दिवा असेल तर त्याचे रबर तपासल्याशिवाय छतावरच्या दिव्याचा निकाल लागत नाही. हे रबर कडक झाले की पावसाचे पाणी दिव्याच्या मागून आत शिरते, छताच्या अस्तरावर उतरते आणि वायरच्या कडेने वाहत कनेक्टरमध्ये साचते. समोरच्या काचेचे रबर गळत असेल तर तेच पाणी डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सवर पडते. पावसाळ्यात वाढणारी आणि उन्हाळ्यात नाहीशी होणारी तक्रार असेल, तर वायर बदलण्यापूर्वी पाण्याची वाट बंद करावी.

फ्यूज बॉक्समध्ये काचेचे फ्यूज असल्यास त्यांच्या टोप्या आणि पितळी पकडी दोन्ही घासाव्यात. काचेच्या फ्यूजमध्ये तार अखंड दिसत असूनही टोपीच्या आतील झाळण सुटलेले असू शकते, म्हणून डोळ्यांवर विश्वास न ठेवता भाराखाली फ्यूजच्या दोन टोकांमधील उतार मोजावा. जुन्या युरोपीय गाड्यांतील टोकदार चिनी मातीच्या फ्यूजमध्ये टोके काळी पडण्याची तक्रार अधिक. बॉक्स पूर्ण खराब झाला असेल तर पात्यांच्या फ्यूजचा बॉक्स बसवणे ही चैन नसून सुधारणा आहे. त्यात पकड अधिक घट्ट असते आणि १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा असे रंग ठरलेले असल्यामुळे चुकीचा फ्यूज लगेच ओळखू येतो.

फ्यूज वारंवार उडत असेल तर

एकामागून एक फ्यूज जाळत बसण्याची गरज नाही, आणि मोठा फ्यूज घालणे तर आग लावण्याचाच प्रकार आहे. फ्यूज काढून त्याच्या दोन पकडींमध्ये जुन्या हेडलाईटचा ५५ वॉटचा बल्ब वायरने जोडावा. मार्गात कोठेही पूर्ण शॉर्ट असेल तर सर्व व्होल्टेज या बल्बवर येऊन तो लख्ख पेटतो, पण प्रवाह पाच अँपिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे वायर जळत नाही. शॉर्ट नसेल आणि फक्त १० वॉटचा केबिन दिवा चालू असेल, तर बहुतेक व्होल्टेज त्या लहान बल्बवरच पडते आणि मोठा बल्ब विझल्यासारखा दिसतो.

एवढी व्यवस्था झाल्यावर दिवा नजरेसमोर ठेवून डॅशबोर्डखालची वायर एकेका फुटाने हलवत जावे, दारे उघडून मिटून पाहावीत, सीट मागेपुढे सरकवावी, सन व्हायझर फिरवावा. ज्या हालचालीबरोबर मोठा बल्ब पेटतो किंवा विझतो, तिच्याजवळच आवरण फाटलेले सापडते. सीटच्या रुळाखाली चिरडलेली वायर, केबिनच्या भिंतीतील भोकाचे रबर निघून गेल्यामुळे कडेवर घासलेली वायर आणि छताचे अस्तर बसवताना स्क्रूने भोसकलेली वायर हे नेहमीचे गुन्हेगार. त्यांच्याखेरीज आधीच्या हातांनी केलेली नसत्या उद्योगाची कामे असतातच. रेडिओ काढल्यावर लोंबत राहिलेली उघडी टोके किंवा ट्रेलरच्या दिव्यांसाठी मागच्या दिव्यांच्या वायरीला गुंडाळलेले जोड, असे जे जे कारखान्याचे नाही ते आधी सोडवून बाजूला काढावे, मग मूळ वायरिंगला दोष द्यावा.

डॅशबोर्डचे दिवे

काट्यांमागचे दिवे आणि मागचे टेललाईट एकदमच जात असतील, तर दोष दोघांच्या समाईक मार्गात, म्हणजे हेडलाईटच्या स्विचमध्ये किंवा टेललाईटच्या फ्यूजमध्ये शोधावा. टेललाईट चालू राहून फक्त डॅशबोर्ड अंधारत असेल, तर त्याचा स्वतंत्र फ्यूज आणि प्रकाश कमीजास्त करणारा डिमर तपासावा. अनेक जुन्या पिकअपमध्ये हेडलाईटची मूठ फिरवल्यावर डॅशबोर्डचा प्रकाश बदलतो आणि ती एका टोकापर्यंत फिरवल्यास छतावरचा दिवाही पेटतो. त्या मुठीमागे रोधक तारेचे वेटोळे आणि त्यावर सरकणारी पत्री असते. वर्षानुवर्षे एकाच जागी राहिलेल्या पत्रीखाली तार काळी पडते. बॅटरी सोडवून त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा आणि मूठ अनेकदा पूर्ण फिरवावी. कित्येकदा एवढ्यानेच वर्षांची तक्रार जाते. वेटोळ्याची तार तुटली असेल तर स्विच बदलणे हाच उपाय आहे.

पॅनेलच्या मागे वायरऐवजी लवचीक प्लास्टिकवर तांब्याचे पातळ पट्टे असतील तर हात अत्यंत जपून चालवावा. होल्डर फिरवून काढताना त्या पट्ट्याचा संपर्काचा भाग उचकटला की तो चिकटवून पूर्ववत होत नाही. पट्टे साफ करण्यासाठी पॉलिश पेपर वापरू नये, साधा पेन्सिलचा खोडरबर पुरतो. तसेच काही गाड्यांत इंधन आणि तापमानाच्या काट्यांना सुमारे ५ व्होल्ट देणारा लहान नियंत्रक पॅनेलमागे असतो. दिव्यांसाठी वायर शोधताना त्याला वळसा घालून काट्यांना थेट १२ व्होल्ट दिले, तर काटे जळतात.

जोड कसे द्यावेत

वायर पिळून वर टेप गुंडाळणे हा जोड नव्हे. उन्हात टेपचा डिंक वितळतो आणि काही महिन्यांत जोड उघडा पडतो. मूळ वायरवर चाप दाबून आवरण भोसकणारे तयार जोडही टाळावेत, कारण ते काही तंतू कापतात आणि त्या जखमेतून ओल आत जाते. योग्य मापाचा लग, योग्य पक्कड आणि आतून डिंक असलेली उष्णतेने आवळणारी नळी यांचा जोड टिकतो. झाळकाम वाईट नाही, पण झाळण तंतूंमधून पुढे वाहत जाऊन वायर कडक होते आणि धक्क्यांनी त्या कडेवर तुटते. म्हणून झाळलेल्या जोडाच्या दोन्ही बाजूंना वायरला आधार बांधावा. नवी वायर जुन्यापेक्षा बारीक कधीही नसावी.

एलईडी बसवताना

भाराखालच्या सर्व मोजण्या समाधानकारक आल्यानंतरच येथे यावे. छतावरच्या दिव्यात दोन टोकांना टोप्या असलेला लांबट बल्ब असेल तर ३१, ३६, ४१ मिलिमीटर अशी मापे मिळतात. जुन्या बल्बची लांबी मोजूनच नवा घ्यावा, कारण सैल बसणारा एलईडी म्हणजे पुन्हा नवा खराब जोड. एलईडीला दिशा असते. पेटला नाही तर उलटा करून पाहावा.

एक दिवा मात्र बदलू नये, तो म्हणजे बॅटरी चार्जिंगचा लाल दिवा. अनेक गाड्यांत या बल्बमधून जाणारा प्रवाहच अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) सुरुवातीचे चुंबकत्व देतो. तेथे एलईडी लावल्यास प्रवाह अपुरा पडून इंजिनाचा वेग वाढवेपर्यंत चार्जिंग सुरू होत नाही, आणि मग निर्दोष अल्टरनेटर बदलला जातो. तेथे एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर योग्य रोध जोडावा लागतो. इंडिकेटरचेही तसेच आहे. उष्णतेवर चालणारा जुना फ्लॅशर (इंडिकेटर मिचकावणारा भाग) बल्बच्या प्रवाहावर अवलंबून असतो, त्यामुळे सगळे दिवे एलईडी केल्यास इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा लागतो.

डॅशबोर्डमध्ये जुन्या डिमरवर एलईडी नीट मंद होत नाहीत, कारण तो रोध दीड-दोन अँपिअरच्या प्रवाहासाठी ठरवलेला असतो आणि एलईडीच्या अल्प प्रवाहाने त्यावर पुरेसा उतारच पडत नाही. शिवाय पॅनेलचे परावर्तक सर्व दिशांना प्रकाश देणाऱ्या तंतूसाठी घडवलेले असल्यामुळे फक्त समोर प्रकाश टाकणाऱ्या एलईडीने मध्ये झगझगीत ठिपका आणि कडांना अंधार मिळतो. बाजूंना प्रकाश फेकणारे एलईडी घेतल्यास फरक पडतो. माझे मत विचाराल तर डॅशबोर्डमध्ये नवे साधे बल्ब आणि घासलेले होल्डर यांवर समाधान मानावे, आणि एलईडीचा लाभ छतावर व हौद्याच्या दिव्यात घ्यावा, जेथे चढउतार करताना दिवा तासभर चालू राहतो. प्रकाशाची छटा ३००० ते ४००० केल्विनची घेतली तर केबिन डोळ्यांना सुसह्य राहते. ६००० केल्विनच्या निळसर प्रकाशानंतर रात्रीच्या रस्त्याशी डोळे जुळायला वेळ लागतो.

दार मिटल्यावरही एलईडी अंधुक तेवत राहिला, तर एलईडी परत करण्यापूर्वी दाराचे बटण उघडून पाहावे. ओलसर बटणातून झिरपणारे काही मिलिअँपिअर जुन्या बल्बला पेटवू शकत नव्हते, एलईडीला तेवढे पुरतात. दिव्याला समांतर एक किलोओहमचा अर्धा वॉटचा रोध लावला की तेवणे थांबते, पण ओल तशीच राहते. बटण बदलणे श्रेयस्कर.

चिकटपट्टीच्या एलईडीबाबत सावध राहावे. १२ व्होल्टच्या साध्या पट्टीत तीन एलईडी आणि एक रोध असा गट असतो. एलईडींवर सुमारे ९.३ व्होल्ट आणि रोधावर उरलेले २.७ व्होल्ट पडतात. इंजिन चालू झाल्यावर व्होल्टेज १४.४ पर्यंत गेले की रोधावर ५.१ व्होल्ट येतात, म्हणजे प्रवाह जवळपास दुप्पट होतो आणि पट्टी तापून काही महिन्यांत एकेक गट विझू लागतो. वाहनासाठी बनवलेली, प्रवाह स्थिर ठेवणारी पट्टी घ्यावी किंवा पट्टीपूर्वी १२ व्होल्टचा नियंत्रक लावावा.

हौद्यासाठी मोठे दिवे लावायचे असतील तर त्यांचा भार छतावरच्या दिव्याच्या जुन्या वायरवर टाकू नये. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत स्वतंत्र फ्यूज, तेथून रिलेच्या (अल्प प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० क्रमांकाच्या टोकाला जाड वायर, ८७ वरून दिव्याकडे, आणि ८५ व ८६ या टोकांवर स्विच व अर्थ, अशी मांडणी करावी. मग जुना स्विच रिलेच्या वेटोळ्यापुरता अल्पसा प्रवाहच हाताळतो. भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक वायरला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारे कडे) हवाच. नव्या वायरचा रंग, मार्ग आणि फ्यूजचा आकार एका कागदावर काढून तो फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे ठेवावा, म्हणजे पुढच्या माणसाला अंदाजाने वायर तोडावी लागणार नाही.

सर्व काम झाल्यावर दारे मिटून, किल्ली काढून, बॅटरीची ऋण केबल सोडवावी आणि मीटर १० अँपिअरच्या मापावर, त्या मापाच्या स्वतंत्र छिद्रात लाल टोक घालून, केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा. या अवस्थेत स्टार्टर फिरवू नये आणि दारही उघडू नये. घड्याळ व रेडिओची स्मृती धरून २० ते ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह चालण्यासारखा आहे. अर्ध्या अँपिअरच्या आसपास आकडा दिसला तर एखादा दिवा कोठेतरी पेटलेला आहे, आणि दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर गाडी सुरू होणार नाही. अशा वेळी प्रथम डॅशबोर्डच्या कप्प्यातील दिवा आणि बॉनेटखालचा दिवा काढून पाहावा, कारण झाकण मिटल्यावर ते विझतात की नाही, हे बाहेरून कोणालाच दिसत नसते.